ओट्याची उंची

आमच्या गावाकडच्या घरातला स्वयंपाकाचा ओटा जमिनीपासून बरोबर साडेएकतीस इंच उंच आहे. येणारा प्रत्येक माणूस तो पाहून विचारतो, "मिस्त्री चुकला काय?" मिस्त्री चुकलेला नाही. हा आकडा मी स्वतः दिला. तो ठरला मात्र गावात नाही आणि मी राहतो त्या मस्कतमध्येही नाही. तो फ्रान्समधल्या मार्सेय नावाच्या शहरात, एका रविवारी दुपारी, काँक्रीटच्या एका जाडजूड खांबापाशी ठरला.

मापं घेणं हा माझा धंदा आहे. मस्कतजवळच्या रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत आमचा सुतारकामाचा कारखाना आहे आणि गेली एकवीस वर्षं मी तिथे किचनची कपाटं करतो. म्हणजे लोकांच्या घरी जाऊन भिंती मोजायच्या, ड्रॉइंग काढायचं, कापणीची यादी कारखान्यात द्यायची. मी मापलेल्या प्रत्येक किचनची माझ्या वहीत नोंद आहे. युरोपला निघालो त्या आठवड्यात तो आकडा एक हजार चारशे बारा होता. या चौदाशे बारा किचनमध्ये ओट्याची उंची एकच, नव्वद सेंटीमीटर. खाली पंधराचा पाया, त्यावर बहात्तरचं कपाट, वर तीनचा दगड. यात विचार करण्यासारखं काही नसतं. याला स्टँडर्ड म्हणतात.

अल् खुवैरमधल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्येही ओटा नव्वदचाच आहे. माझ्या बायकोची उंची एकशे अठ्ठेचाळीस सेंटीमीटर. ती पोळ्या करताना पाटावर उभी राहते. पाट बसण्यासाठी असतो हे मला माहीत आहे, पण आमच्या घरी त्यावर कोणी बसत नाही. तो पाट मीच कारखान्यातल्या उरलेल्या प्लायवूडचा केला. पहिल्यांदा पाच सेंटीमीटरचा केला. मग ती म्हणाली, थोडा वाढवून द्या. आठ केला. तिसऱ्यांदा दहा केला तेव्हा म्हणाली, "आता बरोबर." त्याला आता बारा वर्षं झाली असतील. त्या पाटाचा ओट्याशी काही संबंध आहे असं माझ्या डोक्यात कधी आलं नाही. मला वाटायचं, तिला पाट आवडतो.

गुहागरजवळ आमचं गाव आहे. तिथे आम्ही घर बांधायला घेतलं, आणि आमचा वाद सुरू झाला. बांधकामावर लक्ष ठेवायला धाकटा भाऊ होता. प्लॅन माझा. त्यात सगळं तिच्या मनासारखं होतं, मागची पडवी, दोन खिडक्या, धुण्याचा दगड. एकच गोष्ट सोडून.

"ओटा खाली घ्या," ती म्हणायची.

"खाली म्हणजे किती?"

"मला काय माहीत किती. मला पुरेल एवढा."

"अगं, असं नसतं. त्याला स्टँडर्ड असतं. नव्वद."

"तुमचा तो स्टँडर्ड कोण आहे, तो मला एकदा दाखवा. म्हणजे त्यालाच विचारते."

आता हा योगायोग म्हणा, पण तो स्टँडर्ड मला माहीत होता. आयटीआयत सुतारकाम शिकत होतो तेव्हा आमच्या सरांनी एकदा फळ्यावर एक माणूस काढला. रुंद खांदे, बारीक कंबर, एक हात वर केलेला. "हा सहा फुटी माणूस," सर म्हणाले, "म्हणजे एकशे त्र्याऐंशी सेंटीमीटर. हात वर केला की दोनशे सव्वीस. या एका माणसाच्या मापावरून फ्रान्समध्ये एक अख्खी बिल्डिंग उभी केलीय, तीनशेवर घरांची. आणि तुम्ही लेको साधं स्टूल करताना बसणाऱ्याकडे बघत नाही." वर्ग हसला. मी वहीत लिहून घेतलं, १८३ आणि २२६. तेवढेच दोन आकडे.

जून महिन्यात मुलीच्या शाळेला सुट्टी लागली तेव्हा युरोपला जायचं ठरलं. मुलगी अकरावीतून बारावीत गेली होती. तिला पॅरिस पाहिजे होतं. बायकोला बर्फ पाहिजे होता. मी म्हटलं, दोन दिवस मार्सेय, सरांची ती बिल्डिंग तिथेच आहे. दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी सुट्टीत सिमेंटचं गोदाम बघायला चला म्हणालो. तसं ते फार चूकही नव्हतं.

"बाबा, इट्स अ बिल्डिंग," मुलगी म्हणाली. ती मैत्रिणींशी इंग्रजीत बोलते, आमच्याशी मराठीत सुरू करते आणि वाटेत थकते. "आपण पण बिल्डिंगमध्येच राहतो ना."

मग मी बायकोला शब्द दिला. त्या बिल्डिंगमधलं एक घर पाहता येतं, जुन्या किचनसकट. आपण तिथे जाऊ, मी तिथला ओटा टेपने मोजेन. ती बांधणाऱ्या एवढ्या मोठ्या आर्किटेक्टने इतका विचार करून जे माप घेतलं असेल तेच आपल्या घरी. नव्वद निघालं तर नव्वद, कमी निघालं तर कमी. पुन्हा वाद नाही.

"मान्य," ती लगेच म्हणाली. मला वाटलं, मी जिंकलो. ज्याने सहा फुटी माणूस धरला तो ओटा खाली कशाला घेईल?

प्रवासाचं कोष्टक मी एक्सेलमध्ये केलं. तारीख, वार, सकाळ, दुपार, अंतर, जाण्याचं साधन. मार्सेयला आम्ही शुक्रवारी दुपारी पोचणार आणि सोमवारी सकाळच्या गाडीने पॅरिसला निघणार. घर दाखवतात ते सुट्टीचा दिवस सोडून, असं वाचून मी तशी नोंद केली होती. सुट्टीच्या दिवशी समुद्र, बंदर, फिरणं. कामाच्या दिवशी बिल्डिंग. गर्दीही कमी असते.

शनिवारी आम्ही दिवसभर बंदरावर होतो. मासे विकणाऱ्या बायका पाहून बायकोला आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. बांगड्यासारखा दिसणारा एक मासा तिने डोळ्यांनी तपासला आणि म्हणाली, "कालचा आहे." संध्याकाळी हॉटेलवर आलो तर भावाचा निरोप आलेला. "दादा, मिस्त्री विचारतो, ओट्याची उंची किती धरू? सोमवारी सकाळी उभे कडप्पे कापून बसवणार. नंतर बदल होणार नाही. लगेच कळव."

मी उत्तर दिलं, उद्या संध्याकाळपर्यंत पक्का आकडा देतो. बायकोने ते वाचलं आणि मान हलवली. टेप मी रात्रीच खिशात घातला. तीन मीटरचा, किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेला. मस्कतच्या विमानतळावर सुरक्षावाल्याने तो उघडून, बंद करून, पुन्हा उघडून पाहिला होता आणि विचारलं होतं, कशासाठी? मी म्हटलं, सवय.

रविवारी सकाळी साडेनऊला निघालो. रस्ते रिकामे होते. दुकानांची शटरं खाली. मी दोघींना म्हटलं, "बघा, काय शिस्त आहे. साडेनऊ वाजता रस्त्यावर एक माणूस नाही. सगळे वेळेवर कामावर पोचलेत."

मुलीने मोबाईलमधून डोकं वर काढलं, रस्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातलं. तिने तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. नंतर म्हणाली, तुम्ही एवढे शुअर होता की मला वाटलं मीच रॉंग आहे.

बिल्डिंग मात्र पाहताक्षणी आवडली. लांबलचक, राखी काँक्रीटची, आणि खालून हत्तीच्या पायांसारख्या जाड खांबांवर उचललेली. गॅलऱ्यांच्या आतल्या भिंती लाल, पिवळ्या, निळ्या रंगवलेल्या. काही गॅलऱ्यांत कपडे वाळत होते. बायको म्हणाली, "चला, माणसं राहतात." तिच्या मते इमारतीची ही पहिली परीक्षा असते. तिथले लोक म्हणे पूर्वी या इमारतीला वेड्याचं घर म्हणायचे. खालून वर पाहताना काँक्रीटमध्ये फळ्यांचे ठसे दिसत होते, लाकडाच्या रेघांसकट. फळ्यांना नीट रंधाही मारलेला नव्हता. आमच्या कारखान्यात असं काम अर्बाबने, म्हणजे मालकाने, परत पाठवलं असतं. तरी मी हात फिरवून पाहिलाच.

आत टेबलापाशी एक तरुण बसला होता. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, घर पाहायचं आहे, किचनसकट.

"आज नाही. आज रविवार."

"हो, रविवार. म्हणूनच आलो," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग त्याने हळू आवाजात, आजारी माणसाला सांगावं तसं सांगितलं, "रविवारी सुट्टी असते, सर. काल होतं."

मागून मुलगी म्हणाली, "बाबा, इकडे सुट्टी संडेला असते. तुमच्या एक्सेलमध्ये फ्रायडे-सॅटर्डे आहे."

मस्कतमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी. रविवारी सकाळी सातला आमचं वर्कशॉप सुरू होतं, मुलीची शाळा भरते, रस्ते गाड्यांनी भरतात. एकवीस वर्षं रविवार म्हणजे कामाचा दिवस. लहानपणी रविवारी सुट्टी म्हणून सकाळी उशिरापर्यंत लोळणारा मी, आणि सगळ्या जगाला रविवारी सुट्टी असते हे साफ विसरलो होतो. मी ते कोष्टक चार वेळा तपासलं होतं. गाड्यांच्या वेळा तपासल्या, अंतरं तपासली. वार कोण तपासतो?

बायको हसायला लागली. आधी पदर तोंडाला लावून, मग तोही सोडून. तो तरुणही हसला, का हसतो हे न कळता. "उद्या?" मी त्याला विचारलं. उद्या सकाळी नऊला आमची गाडी होती. ते मलाही माहीत होतं. तरी विचारलं.

गच्चीवर मात्र जाता येईल असं तो म्हणाला. गेलो. गच्ची म्हणजे आपल्याकडे पाण्याची टाकी आणि डिश अँटेना. इथे मुलांसाठी उथळ तलाव होता, बसायला कट्टे होते, आणि धुराडी अशी की कोणी कुंभाराने मोठ्या प्रमाणात मनात येईल ते केलंय. एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र. दोन बायका पुस्तक वाचत होत्या आणि त्यांची मुलं तलावात एकमेकांवर पाणी उडवत होती. माझं लक्ष नव्हतं. मी कठड्याची उंची मोजली, कट्ट्याची मोजली, वहीत लिहिली. बायको समुद्राकडे पाहत होती. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "मग आता काय? नव्वदच ना?"

ती चिडून म्हणाली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. तिने अगदी सहज विचारलं, भाजी आज कोणती एवढ्या सहज. शब्द मी दिला होता, वार मी चुकवला होता, आणि आकडा संध्याकाळपर्यंत मलाच द्यायचा होता. मी म्हटलं, "खाली जाऊन बघू." खाली काय बघायचं ते मला ठाऊक नव्हतं.

खाली, खांबांच्या सावलीत, दाराजवळच्या भिंतीत तो उभा होता. रुंद खांदे, बारीक कंबर, एक हात वर. काँक्रीटमध्येच ठसवलेला. आमच्या सरांनी फळ्यावर काढला होता त्याहून जरा जास्त गर्विष्ठ.

"हा कोण?" बायकोने विचारलं.

"हाच तो," मी म्हणालो. "स्टँडर्ड."

तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. सावकाश. कांदेपोह्याला आलेल्या मुलाकडे मुलीची मावशी पाहते तसं.

"हा पोळ्या लाटतो?"

"नाही, तो..."

"भांडी घासतो? नारळ खवतो?"

"अगं, ते माप आहे. माणसाचं सर्वसाधारण माप."

"सर्वसाधारण? आपल्या गावात याच्याएवढा एक तरी आहे का दाखवा. दारातून आत येताना कपाळ फोडून घेईल."

मुलगी कट्ट्यावर बसून त्याचं चित्र काढत होती. ती म्हणाली, "आई, तू पण तशी उभी राहा ना. हात वर कर. फोटो... नको, बाबा, मेजर करा तिला."

त्या माणसाचे पाय जमिनीला टेकलेले नव्हते, थोडे वर होते, त्यामुळे त्याच्या शेजारी उभं करून मोजणं बरोबर झालं नसतं. मी बायकोला बाजूच्या खांबापाशी नेलं. खांब तिरका होता. मग टेप सरळ उभा धरायला मुलीला लावलं. तिने खालचं टोक बुटाखाली दाबलं, मी वरचं धरलं. बायकोने चपला काढल्या. चपला काढून मोजायचं हे तिला न सांगता कळलं, याचं मला बरं वाटलं. तिने इकडेतिकडे पाहिलं, कोणी नाही याची खात्री केली, आणि उजवा हात वर केला.

एकशे त्र्याऐंशी.

मी पुन्हा मोजलं. एकशे त्र्याऐंशी. म्हणजे तिने हात अगदी वर ताणला तरी बोटं त्या माणसाच्या टाळूला टेकतात. जिथे त्याचं डोकं संपतं तिथे तिचा हात संपतो. आणि आमच्या अल् खुवैरच्या किचनमधला वरचा कप्पा जमिनीपासून एकशे नव्वदवर आहे. साखरेचा मोठा डबा त्यात असतो.

"साखर तू कशी काढतेस?" मी विचारलं.

"झाऱ्याने डबा पुढे ओढते आणि झेलते," ती म्हणाली. "एकवीस वर्षांत दोनदाच पडला."

मुलगी म्हणाली, "थ्री टाइम्स. एकदा माझ्यावर."

मग मी तिला हात कोपरात वाकवायला सांगितला. कोपर ते जमीन. चौऱ्याण्णव. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे, उभ्याने काम करायचं तर ओटा कोपरापासून दहा ते पंधरा सेंटीमीटर खाली पाहिजे. हा नियम मी नव्या पोरांना शिकवतो. चौऱ्याण्णवातून चौदा गेले, ऐंशी. मी वहीत ऐंशी लिहिलं आणि मला पाट आठवला. नव्वदचा ओटा, दहाचा पाट. ऐंशी. मी दोन्ही बाजूंनी केलं, आकडा तोच. तो पाट मी स्वतः तीनदा मापून केला होता. ओट्याची बरोबर उंची बारा वर्षं आमच्या किचनच्या फरशीवर पडून होती, आणि मी ती बघायला विमानाने फ्रान्सला आलो होतो.

चौदाशे बारा किचन. त्यातल्या एकाही बाईला मी भिंतीपाशी उभं केलं नव्हतं. भिंती मात्र सगळ्या मिलिमीटरपर्यंत मोजल्या होत्या.

तिथेच भावाला फोन लावला. दुपारचे दोन वाजले होते, गावी साडेपाच. मिस्त्री अजून कामावरच होता.

"साडेएकतीस इंच," मी म्हणालो.

"साडेपस्तीस ना दादा? आवाज तुटतोय."

"साडेएकतीस. तीस आणि दीड."

पलीकडे थोडी कुजबुज झाली. मग भाऊ म्हणाला, "मिस्त्री विचारतो, शाळेची बाकं करायची आहेत काय?"

"त्याला सांग, ओटा करायचाय."

"दादा, चार माणसं येणार, बघणार. काय म्हणतील? आणि वाकून वाकून पाठ जाईल हो माणसाची. वहिनी जवळ आहे काय? तिला विचार की."

मी फोन बायकोच्या हातात दिला. ती चपला घालत होती. एका पायावर उभी राहून, दुसरा हात त्या खांबाला टेकवून ती म्हणाली, "भावजी, येणाऱ्या चार माणसांना चहा मिळेल. ओटा मोजायला कोणी येणार असेल तर आधी कळवा." आणि फोन मला परत दिला. "खलास?" तिने मला विचारलं.

"खलास," मी म्हणालो.

मुलीचं चित्र मी नंतर पाहिलं. त्या रुंद खांद्यांच्या माणसाशेजारी तिने आईला काढलं होतं, हात वर केलेली, पायांजवळ चपला. बाजूला बाण काढून १८३ लिहिलं होतं. एकक लिहिलं नव्हतं. मी सेमी लिहायला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, यल्ला, जेवायला चला."

रविवार असल्यामुळे जेवायला काही सापडायला पाऊण तास लागला. त्याबद्दल दोघी मला अजून ऐकवतात. ती बिल्डिंग आतून पाहायची राहिली ती राहिलीच, आणि तिथला ओटा किती उंच आहे ते मला आजही माहीत नाही. कोणी सांगितलं तर वहीत लिहून ठेवीन.

रुसैलला परतल्यावर मी मापाच्या फॉर्मवर एक रकाना वाढवला, स्वयंपाक करणाऱ्याचं कोपर. अर्बाबने विचारलं, हे काय? मी सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या घरी स्वयंपाक आचारी करतो." मी म्हटलं, मग आचाऱ्याचं कोपर. त्याने थोडा विचार केला आणि सही केली. आता मस्कतच्या अझैबा भागात आणि त्यापुढे मापं घ्यायला गेलो की घरमालक आधी गोंधळतात, मग आतून कोणालातरी हाक मारतात. कधी आई येते, कधी मोलकरीण, एकदा आजोबा आले. पंधराचा पाया आम्ही गरजेप्रमाणे पाच-सातपर्यंत खाली आणतो. फार अवघड नाही.

गणपतीला आम्ही नव्या घरात गेलो. बायकोने पहिल्याच दिवशी ओट्यापाशी उभं राहून एकवीस मोदक वळले. मधेमधे ती पाय हलवून खाली काही आहे का ते चाचपायची. पाट नव्हता. शेजारच्या बायका आल्या, ओट्यावर तळवे टेकवून उभ्या राहिल्या, आणि त्यातल्या दोघींनी माझ्याकडे आकडा मागितला. मी कागदावर लिहून दिला नाही. आधी कोपर मोजा म्हटलं.

भाऊ पाच फूट दहा इंच आहे. चहाचा कप विसळायला वाकला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "वहिनी, मी तेव्हाच सांगितलं होतं हो."

"भावजी, तुमच्यासाठी खाली खड्डा करून घेऊ," ती म्हणाली.

गावी असलो की भांडी घासायची पाळी माझी असते. मी एकशे त्रेसष्ट आहे. दहा मिनिटं झाली की पाठ भरून येते. कढई घासून झाली की एकदा सरळ उभं राहावंच लागतं. परवा ती बाजूला नारळ खवत होती. मी कंबर सरळ केली तशी तिने खवणी थांबवून विचारलं, "पाट देऊ?"